वर्ष नेमकं केवढं? कोल्हापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाले, पण प्रश्न काही थांबले नाहीत. जुने विद्यार्थी व्हॉट्सॲपवर विचारतात, मंडईत कुणी हात करून थांबवतं, पाडवा जवळ आला की फोन वाढतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. उत्तर वाचण्याआधी एवढंच ठरवा की वर्ष कशासाठी मोजायचं आहे. उसाचं वर्ष वेगळं, देवीच्या सणाचं वेगळं, व्याजाचं वेगळं, वयाचं वेगळं. माझ्याकडे येणारे बहुतेक गोंधळ दोन वर्षं एकमेकांत मिसळल्यामुळे झालेले असतात.

१. एका वर्षात नक्की दिवस किती? ३६५, ३६६ की ३६५ आणि पाव?

भिंतीवरच्या कॅलेंडरचं वर्ष ३६५ किंवा ३६६ दिवसांचं असतं, कारण कॅलेंडरात पाव दिवस छापता येत नाही. ऋतू मात्र ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटं ४५ सेकंदांनी परत येतात. म्हणजे ३६५ आणि पाव दिवसाला सव्वाअकरा मिनिटं कमी. ही सव्वाअकरा मिनिटं ध्यानात ठेवा, प्रश्न ४ मध्ये ती पुन्हा येतील.

आपल्या भाषेनं वर्ष ऋतूंवरूनच ओळखलं. ‘वर्ष’ आणि ‘वर्षा’ हे एकाच धातूतून आलेले शब्द आहेत. एका पावसापासून दुसऱ्या पावसापर्यंतचा काळ, ते वर्ष. आशीर्वादात ‘शतं शरदः’ म्हणतात तेव्हा शंभर शरद ऋतू मोजलेले असतात. आपल्याकडचा शेतकरी ‘औंदा कसं हाय?’ असं विचारतो तेव्हा तो पावसाबद्दलच विचारत असतो.

२. सूर्याभोवती पृथ्वीची एक फेरी म्हणजे वर्ष, असं शाळेत शिकलो. मग वर्षाची दोन मापं कशी?

फेरी पूर्ण झाली हे कशावरून ठरवता, त्यावर माप बदलतं. सूर्य पुन्हा त्याच ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर आला म्हणून फेरी पूर्ण मानली, तर ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं १० सेकंद लागतात. हे नाक्षत्र वर्ष. वसंत संपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्या क्षणापासून, पुढच्या वसंत संपातापर्यंत मोजलं, तर प्रश्न १ मधलं ऋतूंचं, म्हणजे सांपातिक वर्ष मिळतं. ते वीस मिनिटांनी लहान आहे.

हा फरक पडतो पृथ्वीच्या आसामुळे. फिरता भोवरा जसा डोलतो, तसा पृथ्वीचा आस सावकाश डोलतो आणि सुमारे २६,००० वर्षांत एक घेर पुरा करतो. त्यामुळे संपातबिंदू दरवर्षी थोडा मागे, सूर्याच्या दिशेनं सरकतो आणि सूर्य त्याला वीस मिनिटं आधीच गाठतो. आपलं पंचांग ताऱ्यांना धरून चालतं, इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना. संक्रांतीच्या तारखेचं कोडं (प्रश्न ११) इथूनच निघतं.

३. वर्ष पूर्ण झालेलं कोल्हापुरात डोळ्यांनी बघता येतं का?

येतं, आणि इतक्या चांगल्या जागा फार थोड्या गावांत असतील. अंबाबाईचा किरणोत्सव हे ऋतूंच्या वर्षाचं मोजमापच आहे. देवी पश्चिमाभिमुख आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. मध्ये ढग आले, हवेत धूळ किंवा बाष्प असलं, वाटेत बांधकाम आडवं आलं, तर किरणं वाटेतच क्षीण होतात.

आता तारखा बघा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे ४१ दिवस, आणि २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडच्या टोकाला असतो. जाताना ज्या जागी मावळला, येताना जवळजवळ तेवढ्याच दिवसांनी तो त्याच जागी मावळतो, कोल्हापूरच्या अक्षांशावर ठीक पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला. म्हणून किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो.

मुलांना घेऊन मी महाद्वार रोडवर उभी राहायचे. एका खांबाची सावली रस्त्यावर पडायची, तिथे खडूनं रेघ ओढायची, दुसऱ्या दिवशी त्याच मिनिटाला पुन्हा ओढायची. सूर्याची मावळायची जागा त्या दिवसांत रोज साधारण अर्ध्या सूर्यबिंबाएवढी सरकते. त्या दोन रेघांमधलं अंतर पाहिल्यावर ‘दक्षिणायन’ हा शब्द कुणाला पाठ करावा लागला नाही. लीप वर्षाची सोय नसती, तर हाच किरणोत्सव चाळीस वर्षांत दहा दिवस सरकून १९ नोव्हेंबरच्या आसपास गेला असता.

दुसरी खूण शून्य सावलीची. कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ६ मेच्या आणि पुन्हा ६ ऑगस्टच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या आसपास अंगणात सरळ उभा ठेवलेला तांब्या बघा, सावली त्याच्या बुडाखाली जाते. ऑगस्टमध्ये ढग बहुधा हे दिसू देत नाहीत, मे महिना सोडू नका.

४. लीप वर्ष दर चार वर्षांनी येतं ना? मग २१०० साल लीप का नाही?

चार वर्षांनी एक दिवस वाढवला की वर्षाची सरासरी ३६५ आणि पाव दिवस होते. खरं वर्ष सव्वाअकरा मिनिटांनी लहान आहे. ती मिनिटं साठत जातात आणि १२८ वर्षांत पूर्ण दिवसाची चूक होते. जुन्या ज्युलियन कॅलेंडरात ही चूक साठत साठत १५८२ पर्यंत दहा दिवसांची झाली होती. पोप ग्रेगरी तेरावे यांनी ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरायला लावला आणि नवा नियम घातला, तेच आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर. शतकी साल ४०० नं भागलं गेलं तरच लीप. म्हणून १९०० लीप नव्हतं, २००० होतं, २१०० नसेल. अजूनही वर्षाला सुमारे २७ सेकंद जास्त धरली जातात. त्यांचा एक दिवस व्हायला ३,२०० वर्षं लागतील.

५. गुढीपाडव्याची तारीख दरवर्षी का बदलते?

कारण आपले महिने चंद्राचे आहेत. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो, असे बारा महिने धरले की सुमारे ३५४ दिवस होतात. इंग्रजी वर्षापेक्षा ११ दिवस कमी. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला. २०२७ मध्ये मात्र तो ७ एप्रिलला जातो, कारण मध्ये अधिक महिना येतो.

जोतिबाची चैत्र यात्रा, त्र्यंबोलीची ललिता पंचमी, दसरा चौकातलं सीमोल्लंघन, सगळं या तिथींना बांधलेलं आहे. किरणोत्सव तेवढा तारखेला बांधलेला (प्रश्न ३), कारण त्याचा चंद्राशी संबंध नाही.

६. अधिक महिना कोण ठरवतं? आणि क्षय महिना म्हणजे काय?

तो आकाशातच ठरतो. सूर्य साधारण महिन्याला एक रास बदलतो, त्याला संक्रांत म्हणतात. चांद्रमास त्यापेक्षा थोडा लहान आहे. त्यामुळे मधूनच असा एखादा चांद्रमास येतो की त्यात एकही संक्रांत पडत नाही. तो अधिक, म्हणजे आपला धोंड्याचा महिना. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी तो येतो, १९ वर्षांत सातदा. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ.

याच्या उलट, एका चांद्रमासात दोन संक्रांती पडल्या तर त्या नावाचा एक महिना गळतो. हा क्षयमास. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि भरभर चालते, म्हणून त्या दिवसांत सौर महिने लहान होतात आणि क्षय हिवाळ्याच्या महिन्यांतच पडतो. १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये तो आला होता. क्षयमासाच्या वर्षात एक महिना गळतो, पण त्याच्या मागे-पुढे दोन अधिक महिने येतात, त्यामुळे वर्षाचा हिशेब बिघडत नाही. एखाद्या घरात ‘त्या साली माघच झाला नाही’ अशी आठवण सांगतात, ती १९८३ ची असते आणि खरी असते.

७. मोहरम मात्र कधी पावसात, कधी उन्हात. असं का?

हिजरी वर्ष शुद्ध चांद्र आहे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. त्यात अधिक महिना नाही. त्यामुळे ते दरवर्षी ११ दिवस मागे येतं आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून परततं. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं मोहरम आणि गणपती एकत्र आले होते. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. आपल्याकडे पंजे आणि गणराय शेजारी शेजारी बसलेले ज्यांनी त्या तीन वर्षांत पाहिले, त्यांनी दोन वेगळी वर्षं एका ठिकाणी भेटलेली पाहिली. पुढची अशी भेट २०५० च्या सुमारास.

८. शके, विक्रम संवत आणि सरकारी सौर दिनांक यांत फरक काय?

शालिवाहन शक काढायला इंग्रजी सालातून ७८ वजा करा. तारीख जानेवारी ते पाडवा यांच्या मधली असेल तर ७९. पाडवा २०२६ पासून शके १९४८ सुरू झालं.

विक्रम संवत आपल्याकडचे गुजराती-मारवाडी व्यापारी वापरतात आणि त्यांचं वर्ष दिवाळी पाडव्याला बदलतं. २०२५ च्या दिवाळीत संवत २०८२ लागलं. कोल्हापूरच्या बाजार समितीत गुळाचे सौदे दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावरच निघतात, तेव्हा गुऱ्हाळाचं नवं साल खऱ्या अर्थानं त्या दिवशी चालू होतं. दोन पाडवे, दोन वर्षारंभ. दोन्ही कार्तिक-चैत्राच्या शुद्ध प्रतिपदेचे, म्हणूनच नाव एक.

आकाशवाणीवर ऐकू येतं ते तिसरं, भारतीय सौर कॅलेंडर. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ते बसवलं आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, सरकारनं ते स्वीकारलं. यात शकाचा आकडा पंचांगातलाच, पण महिने सूर्याचे. १ चैत्र नेहमी २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला येतो. याची एक गोष्ट मला फार आवडते. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे ठेवलेत, बाकीचे ३० चे. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर असते, हळू चालते, म्हणून ते महिने खरोखरच लांब असतात. ‘तीस दिवस सप्टेंबर’ची घोकंपट्टी इथे लागत नाही.

९. एकाच कागदावर ‘आर्थिक वर्ष’, ‘महसुली वर्ष’, ‘गळीत हंगाम’ असं येतं. कुठलं कधी सुरू होतं?

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, भारतात १८६७ पासून. सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था सगळ्यांचा हिशेब यातच. आयकरात पूर्वी ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ अशी दोन नावं होती, लोक त्यात हमखास चुकायचे. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात एकच ‘कर वर्ष’ आहे.

महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. सातबाऱ्यावरची पीकपाहणी या वर्षाची असते. फेब्रुवारीत काढलेल्या उताऱ्यावर २०२५-२६ दिसतं आणि सप्टेंबरमधल्या उताऱ्यावर २०२६-२७, हे यामुळे. साखर हंगाम, म्हणजे कागदावरचा ‘गळीत हंगाम’, १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचाच असा किमान दर, त्या हंगामासाठी जाहीर होते. शाळेचं वर्ष जूनमध्ये लागतं.

सोसायटीच्या कर्जाचा, उताऱ्याचा आणि कारखान्याच्या बिलाचा ‘२०२५-२६’ हा एकच आकडा दिसतो, पण त्या तीन वेगळ्या बारा महिन्यांच्या चौकटी आहेत. तक्रार किंवा अर्ज लिहिताना नुसतं ‘चालू वर्ष’ लिहू नका. तारखेपासून तारखेपर्यंत लिहा.

१०. अडसाली ऊस दीड वर्षाचा. मग ‘वर्षाला एकरी किती’ हे कसं काढायचं?

हा प्रश्न मला शिरोळ-करवीर भागातल्या मुलांनी वर्गात विचारला होता आणि मी तो दरवर्षी फळ्यावर घ्यायला लागले. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला अडसाली १६ ते १८ महिने रानात असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी १४ ते १६, जानेवारी-फेब्रुवारीचा, ज्याला ‘सुरू’ ऊस म्हणतात तो, साधारण १२, आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला, ११-१२. नुसता टनांचा आकडा धरला तर अडसालीच नेहमी वरचढ दिसतो.

समजा एका रानात अडसाली १८ महिन्यांत ७२ टन निघाला आणि शेजारच्या रानात ‘सुरू’ ऊस १२ महिन्यांत ४८ टन. दोन्ही महिन्याला ४ टनच. रान अडकून राहिलं ते महिने, पाणी, खत आणि कर्जाचं व्याज महिन्यांनीच वाढतं, तेव्हा भागाकारही महिन्यांनी करा. अडसालीची खरी बाजू दुसरीच आहे. जुलै-ऑगस्टच्या पावसात उगवण होते, ऊस दोन पावसाळे अंगावर घेतो आणि पहिल्या उन्हाळ्यापर्यंत त्याची मुळं खोल गेलेली असतात. ही बाजू टनांच्या आकड्याशी मिसळू नका.

११. संक्रांत १४ जानेवारीलाच असते ना? कधी कधी १५ का?

संक्रांत ताऱ्यांच्या वर्षाला बांधलेली आहे, तारीख ऋतूंच्या वर्षाला (प्रश्न २). सूर्याचा मकरप्रवेश दरवर्षी सुमारे सहा तास पुढे जातो आणि लीप दिवसानं मागे ओढला जातो. प्रवेश संध्याकाळनंतर झाला की पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात, म्हणून मधूनच १५. त्याशिवाय ती सावकाश कायमचीच पुढे सरकते आहे, साधारण ७२ वर्षांत एक दिवस.

‘पानिपतावर संक्रांत कोसळली’ असं म्हणतात, कारण ती लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. पण त्या साली मकरसंक्रमण १० जानेवारीच्या आसपास होऊन गेलं होतं. लढाईच्या दिवशी संक्रांत नव्हती. आणि ज्याला आपण उत्तरायण म्हणून तिळगूळ वाटतो, ते सूर्याचं उत्तरेकडे वळणं २१-२२ डिसेंबरलाच झालेलं असतं. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी दोन्ही एका दिवशी यायचे, आता २३-२४ दिवसांचं अंतर पडलंय. पेरणीसाठी आपण पाहतो तो ७-८ जूनचा मृगही याच कारणानं हळूहळू पुढे जातो आहे, पाऊस मात्र ऋतूंबरोबर राहणार.

१२. शिवजयंती १९ फेब्रुवारीला की तिथीला? त्यांत चूक कोणाची?

चूक कोणाचीच नाही, मोजण्या वेगळ्या आहेत. महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. प्रश्न ८ मधला नियम लावा. फाल्गुन पाडव्याच्या आधी येतो, म्हणून १५५१ मध्ये ७९ मिळवायचे, साल १६३०. त्या तिथीची ज्युलियन तारीख १९ फेब्रुवारी आहे आणि ग्रेगोरियन तारीख १ मार्च. इंग्रजांनी ग्रेगोरियन कॅलेंडर १७५२ मध्ये स्वीकारलं, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्याच हिशेबानं राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही ज्युलियन आहे, आजच्या कॅलेंडरात ती १६ जून येते.

सतराव्या शतकातली पत्रं वाचणाऱ्यांनी हे विसरू नये. गोव्याचे पोर्तुगीज तेव्हा नवं कॅलेंडर वापरत होते आणि वखारीतले इंग्रज जुनं. एकाच दिवशी लिहिलेल्या दोघांच्या पत्रांवर दहा दिवसांचा फरक दिसतो. कोल्हापूरच्या पेठांतल्या तालमी तर परंपरेनं वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती करतात. महाराजांच्या नावानं वर्षात तीन दिवस पेठा उजळतात, याचं मला मनापासून कौतुक आहे.

१३. घरातल्या जुन्या मोडी कागदावर ‘सुहूर सन’ आणि ‘राजशक’ लिहिलंय. साल कसं काढू?

सुहूर सन, म्हणजे अरबी सन, मृगापासून सुरू होतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मृग या काळातला कागद असेल तर ६००. आकडा बहुधा अरबी शब्दांत असतो आणि एककापासून चढत जातो. ‘खमस सबैन मया व अलफ’ असं असेल, तर खमस ५, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. मिळून ११७५. म्हणजे मृग १७७४ ते मृग १७७५.

राजशक शिवराज्याभिषेकापासून, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो. त्यात १६७३ मिळवा, जानेवारी ते ज्येष्ठ असेल तर १६७४. फसली सन दिसला तर आपल्याकडे ५९० किंवा ५९१. कागदावर तिथी आणि वारही असेल तर तिन्ही जुळवा. वार जुळला नाही, तर शक किंवा महिना वाचण्यात चूक आहे असं धरून पुन्हा वाचा.

१४. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याला १८ वर्षं कधी पूर्ण होतात? आणि करारातलं ‘एक वर्ष’ कुठलं?

भारतात कायद्यातलं वर्ष म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचं वर्ष, हे १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्यातच लिहिलेलं आहे. भाडेकरारात ‘पाडवा ते पाडवा’ असं मुद्दाम लिहिलं नसेल, तर तिथी चालणार नाही. सालगडी पाडव्याला ठरवणाऱ्यांनी अधिक महिना कोणाच्या पदरात, हे आधीच बोलून घ्यावं. तेराव्या महिन्यावरून जुने संबंध तुटलेले मी पाहिलेत.

वयाचं म्हणाल, तर १८७५ च्या सज्ञानता कायद्यात हा दाखलाच होता. २९ फेब्रुवारी १८५२ ला जन्मलेल्याला, पालक नेमलेला असल्यास २१ धरून, २८ फेब्रुवारी १८७३ च्या पहिल्या क्षणी सज्ञान मानलं. लीप नसलेल्या वर्षी २८ फेब्रुवारी, हाच धडा त्यातून घ्यायचा.

१५. वाढदिवस तारखेनं आणि तिथीनं एकाच दिवशी कधी येतो?

साधारण दर १९ वर्षांनी: १९, ३८, ५७ आणि ७६ व्या वाढदिवसाला, कधी एखाद्या दिवसाच्या फरकानं. १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास जवळजवळ सारखे भरतात. २००६ आणि २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चलाच होता, तो यामुळेच. साठीला मात्र संवत्सराचं, म्हणजे पंचांगातल्या वर्षाचं, नाव परत येतं, कारण संवत्सरांचं चक्र ६० चं आहे. सहस्रचंद्रदर्शन ८० वर्षं १० महिन्यांच्या सुमारास येतं, तेवढ्या काळात हजार पौर्णिमा होतात.

१६. प्रकाशवर्ष हे वर्ष आहे का?

नाही, अंतर आहे. प्रकाश ३६५ आणि पाव दिवसांत जेवढं जातो तेवढं, म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. ‘प्रकाशवर्षांपूर्वी’ असं लिहू नये.

१७. दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे, पण खरी वेगळी आहे. खरी कशी शोधू?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हा, आणि माझ्या घरातलाही. पूर्वी पोराला शाळेत घातलं की गुरुजी अंदाजानं साल धरून १ जून लिहायचे. माझ्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर १ जून १९६७ आहे. आई मात्र सांगायची, ‘भूकंप झाला आणि त्याच आठवड्यात दत्तजयंतीला हा झाला. नरसोबाच्या वाडीला जायचं राहिलं.’

भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा. त्या वर्षीची मार्गशीर्ष पौर्णिमा १६ डिसेंबरला येते. आई शनिवार म्हणायची, १६ डिसेंबरला शनिवारच होता. तीन खुणा जुळल्या. तुम्हीही असंच करा. आधी मोठ्या घटनेवरून साल पकडा: गांधीहत्येनंतरचं १९४८ चं जळीत, १ मार्च १९४९ चं संस्थानाचं विलीनीकरण, कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ. मग सणावरून तिथी, जुन्या पंचांगावरून तारीख, आणि शेवटी वार ताडून बघा. सालाच्या आठवणीपेक्षा सणाची आणि वाराची आठवण जास्त भरवशाची असते, असा माझा अनुभव आहे.

याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. सरकारी नोकरीत महिन्याच्या १ तारखेचा जन्म असेल, तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते. ५८ च्या नियमानं भाऊ ३१ मे २०२५ ला घरी बसला, खऱ्या तारखेनं ३१ डिसेंबरला बसला असता. सात महिन्यांचा पगार गेला. राज्य सरकारच्या सेवापुस्तकातली जन्मतारीख दुरुस्त करायला नोकरीत लागल्यापासून ५ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि त्यानं तो केला नव्हता. घरात कुणी नुकतंच नोकरीला लागलं असेल, तर आजच सेवापुस्तकातली तारीख बघा आणि आईला किंवा आजीला विचारा, तो दिवस कुठल्या सणाच्या आसपासचा होता.